आधी चहा घ्या

अण्णा गेले तेव्हा मिरजेत पहाटेचे साडेतीन वाजले होते, आणि वॉर्डातल्या मावशी गॉजच्या पट्टीनं त्यांची हनुवटी बांधत होत्या, झोपलेल्या लेकराला कुंची बांधावी इतक्या हलक्या हातानं, गाठ मारून झाली तशी वर न बघताच मला म्हणाल्या, "आईंना खाली न्या, आधी चहा घ्या. घरी आता चूल पेटायची न्हाई."

मला रागच आला.

आईनं मात्र घेतला. गेटबाहेरच्या टपरीवर, कागदी कप दोन्ही तळव्यांत धरून, फुंकर न घालता. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, नातेवाइकांची विचारपूस करणं त्यांचं कामच. पण मरणाला ऑफिसची वेळ ठाऊक नसते, आणि त्या घटकेला जागी असते ती मावशी. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचा दवाखाना उघडला, तेव्हापासून आमच्या मुलखात पेशंट हाताबाहेर गेला की 'मिरजेला न्या'. तिथून परत कसं यायचं, ते कुणी सांगत नाही.

शववाहिका निघाली. सांगलीच्या पुलावर कृष्णा धुरकट दिसली, मग इस्लामपूर, पेठनाका, कराड; उसाच्या तुऱ्यांवर उजेड उतरत होता, नदी खाली चालली होती आणि आम्ही अण्णांना घेऊन वर, साताऱ्याकडे. तिसऱ्या दिवशी माहुलीला, वेण्णा कृष्णेत शिरते तिथं, सावडलेली राख ओंजळीतून सुटली, क्षणभर पाण्यावर रेंगाळली आणि खालच्या अंगाला वळली.

आणलेल्या वाटेनंच निघाले अण्णा.

मागोमाग मीही गेलो. मृत्यूची नोंद मरण येतं त्याच गावी होते, म्हणून दाखल्यासाठी पुन्हा तीच वाट, एसटीनं. खिडकीतल्या बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. "नाव नीट बघा, नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात." मी अण्णांचं नाव काना-मात्रेसकट वाचलं, बोट ठेवून, शाळेतल्यासारखं.

मग पाय आपसूक वॉर्डाकडे वळले. मावशी त्याच खाटेवर धुतलेली चादर अंथरत होत्या. नाव सांगितलं, त्यांना आठवेना. जरा थांबल्या.

"चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, त्ये?"

"होय."

चादरीचा कोपरा गादीखाली खोचत त्यांनी विचारलं, "आई जेवत्यात न्हवं?"