एकूण धारा : काही टिपणे

मिश्र परिपथ दिसला की मुलं सूत्र आठवू लागतात. त्याआधी आकृती वाचावी. धारा जिथे फुटते आणि जिथे पुन्हा एकत्र येते, त्या दोन जागी पेन्सिलीने टिंबं द्यावीत. साध्या परिपथात टिंबांमधल्या फांद्या समांतर, टिंबांबाहेरचं सगळं एकसर. निम्मं गणित इथेच सुटतं.

*

बॅटरी १२ व्होल्टची. ४ ओहमचा रोध एकसर, पुढे ६ आणि १२ ओहम समांतर. जोडीचा परिणामी रोध गुणाकार भागिले बेरीज : ७२ भागिले १८, म्हणजे ४. जोडीतल्या सर्वांत लहान रोधापेक्षा हा आकडा कमी यायलाच हवा. इथे ६ पेक्षा ४ कमी आहे, तेव्हा ठीक. बाहेरचे ४ मिळवून ८. एकूण धारा १२ भागिले ८, दीड अँपिअर.

*

ताळा. ४ ओहमवर ६ व्होल्ट गेले, जोडीला ६ उरले. फांद्यांत १ आणि अर्धा अँपिअर, बेरीज दीड. फुटलेली धारा बेरजेत तेवढीच भरते, हा किरखॉफचा पहिला नियम. १८४५ साली तो मांडला तेव्हा किरखॉफ विद्यार्थीच होता. ओहमचं पुस्तक त्याआधीचं, १८२७चं.

*

आता १२ ओहमची फांदी काढून टाकू. एकूण रोध १०, धारा १.२ अँपिअर. एकूण धारा घटली, पण ६ ओहममधली १ वरून १.२ झाली! एक दिवा गेला की शेजारचा जास्त उजळतो. अलीकडे तो ४ ओहम नसता, तर शेजारच्याला काही कळलंही नसतं. फांद्या एकमेकींना जाणवतात त्या सामायिक रोधामुळेच.

*

वायरमनचा सिरीज बोर्ड : १०० वॅटचा पिवळा बल्ब आणि सॉकेट एकसर. दुरुस्तीला आलेला मिक्सर आत शॉर्ट असेल तर बल्ब भरपूर पेटतो, पण धारा ०.४३ अँपिअरच्या आसपास थांबते. फ्यूज शाबूत राहतो. बल्ब पेटलाच नाही तर आत कुठेतरी तार तुटलेली.

*

पुस्तकातल्या आकृतीत तारेला रोध नसतो, घरात असतो. दीड स्क्वेअरची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण १२ ओहम. मेन बोर्डापासून बाथरूम ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७ ओहम. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर साडेआठ अँपिअर ओढतो. वायरीतच ६ व्होल्ट पडतात आणि सुमारे ५० वॅट नुसते भिंत तापवण्यात जातात. त्याच वायरीवरचा पिवळा बल्ब गीझर लावताच किंचित मंदावतो. उदाहरणातल्या ४ ओहमचं काम इथे वायर करते.

*

समांतर फांदी वाढली की एकूण रोध घटतो, धारा वाढते आणि ती सगळी सामायिक वायरीतून जाते. हॉस्टेलच्या खोलीत ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर १००० वॅटची इस्त्री आणि १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड एकदम लावून पाहा कागदावर. प्रत्येकी ४.३५, एकूण ८.७ अँपिअर. खोलीची एमसीबी १६ची असेल तर ती पडणार नाही. बोर्डाची पिन मात्र तापून काळी पडेल.