मांड

१८७३ साल नुकतेच उजाडले होते. न्यूझीलंडमधील ऑकलंड बंदरातून 'नेवाडा' नावाची एक जुनी आगबोट अमेरिकेच्या दिशेने निघाली. बोट इतकी जीर्ण झाली होती, की तिच्यातून पॅसिफिक महासागर ओलांडायचा म्हणजे जिवावर उदार होऊनच पाऊल टाकावे लागे. त्यातच वाटेत तिला भयंकर वादळाने गाठले. अशा वेळी कोणाच्याही तोंडचे पाणी पळावे. परंतु त्या बोटीवरच्या एका बाईला मात्र, कित्येक वर्षांत वाटले नव्हते इतके हलके वाटत होते. तिचे नाव इझाबेला बर्ड. वय एक्केचाळीस, लग्न झालेले नाही, उंची पाच फुटांहूनही कमी, आणि प्रकृती अशी, की घरी असताना सकाळी अंथरुणातून उठणे हेही तिला संकट वाटे.

इझाबेलाचा जन्म १८३१ सालचा, इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातला. वडील धर्मोपदेशक होते. लहानपणापासून तिच्या पाठीच्या कण्याला दुखणे जडले. अठराव्या वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रिया करून कण्याजवळची एक गाठ काढण्यात आली. पण दुखणे काही हटले नाही. पाठ दुखे, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे, मन खचून जाई. हवापालट करावा, असे डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा १८५४ मध्ये वडिलांनी तिच्या हाती शंभर पौंड ठेवले आणि पैसे पुरतील तोपर्यंत परदेशी राहण्याची मुभा दिली. ती अमेरिकेला जाऊन आली. त्या प्रवासावर तिने पुस्तकही लिहिले. पण तो तरुणपणीचा एक प्रसंग म्हणून तेवढ्यावरच राहिला. पुढे वडील वारले. आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन ती स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरी राहू लागली. १८६६ मध्ये आईही गेली. उरल्या दोघी बहिणी.

धाकटी हेन्रिएटा शांत, भाविक, घरात रमणारी. इझाबेलाने आपल्यालाही तसेच रमायला हवे, असे मनाशी ठरवून टाकले होते. ती धार्मिक नियतकालिकांतून लेख लिही, गोरगरिबांसाठी धावपळ करी. स्कॉटलंडच्या बेटांवरील गरीब कुळांना कॅनडात नेऊन वसवण्याच्या कामी तिने बरीच खटपट केली. हे सारे ती मनापासून करीत असे. तरी दुखणे वाढतच गेले. लेखन करायचे ते बहुधा अंथरुणातच. बसल्यावर डोक्याचा भार कण्यावर पडू नये म्हणून पोलादी जाळीचा आधार लावावा, इथपर्यंत वैद्यकीय सल्ल्यांची मजल गेली होती.

हे दुखणे खोटे होते, असे मानण्याचे कारण नाही. आजाराचे ढोंग करणारी बाई तीस-तीस मैल घोडदौड करून जगापुढे आपले ढोंग उघडे पाडणार नाही. तिच्या घरी कोणी सासुरवास करणारेही नव्हते. सगळे प्रेमळ होते आणि प्रत्येक जण तिला जपत होता. जे जपले जाते ते जागचे हलवले जात नाही, एवढेच. तिच्या काळातल्या, तिच्या थरातल्या बाईकडून फारशी हालचाल अपेक्षितही नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा एकदा समुद्रप्रवास सांगितला आणि १८७२ मध्ये ती ऑस्ट्रेलियाला निघाली. तो देश तिला मुळीच मानवला नाही. उन्हाने, धुळीने ती बेजार झाली. तिथून न्यूझीलंड, आणि मग ही 'नेवाडा'.

वादळातून बोट तरली. पण प्रवासात एका सहप्रवासिनीचा तरुण मुलगा फार आजारी पडला. मायलेकांना सोबत हवी म्हणून इझाबेला वाटेत होनोलुलूला उतरली. होनोलुलू म्हणजे हवाई बेटांची राजधानी. त्या वेळी ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात गेलेली नव्हती, तिथे स्वतःचा राजा होता. इझाबेला उतरली ती थोड्या दिवसांसाठी आणि राहिली सहा महिन्यांहून अधिक.

तिथल्या मोठ्या बेटावर हिलो नावाचे गाव आहे. नारळीच्या बागांचे, भरपूर पावसाचे. तिथून किलाउएआ हा जागता ज्वालामुखी सुमारे तीस मैलांवर. तो पाहायला घोड्यावरूनच जावे लागे. इझाबेलाने सरावासाठी घोडा मागवला आणि ती नेहमीप्रमाणे बायकी खोगिरावर बसली.

हे बायकी खोगीर म्हणजे काय, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट उमगणार नाही. युरोपातल्या सभ्य स्त्रीने घोड्यावर बसायचे ते दोन्ही पाय एकाच बाजूला, बहुधा डाव्या बाजूला, सोडून. पाय डावीकडे, तोंड समोर. म्हणजे कमरेपासून वरचे अंग सतत पिळलेले. लांब झग्याखाली पाय झाकलेले राहावेत, हा त्यामागचा खरा हेतू. निरोगी बाईलाही ही बैठक जाचक. मग जिचा कणाच दुखरा, तिचे काय होणार? थोड्याच वेळात इझाबेलाच्या पाठीत असह्य कळा येऊ लागल्या. ज्वालामुखीचा नाद सोडून द्यावा, असे तिच्या मनात आले.

त्यावर यजमानांनी सुचवले, की इथल्या बायका बसतात तसे बसून पाहा. हवाईतल्या बायका रंगीबेरंगी वस्त्रे नेसून, दोन्ही बाजूंना पाय टाकून, गळ्यात फुलांच्या माळा घालून भरधाव घोडे फेकत असत. रस्त्यात त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. कासोटा घालून घोड्यावर मांड टाकणाऱ्या स्त्रिया आपल्या इतिहासाला नव्या नाहीत. परंतु धर्मोपदेशकाच्या त्या प्रौढ कन्येला ही सूचना ऐकून संकोचाने मेल्याहून मेल्यासारखे झाले असेल. तिने मनाचा हिय्या केला. घोट्यापर्यंत पोचणारा झगा, त्याखाली घोळदार विजार असा वेश चढवला आणि मेक्सिकन पद्धतीच्या खोगिरावर पक्की मांड टाकली.

पाठ दुखायची थांबली.

चाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढ्या साध्या गोष्टीने उलथापालथ व्हावी, हे खरे वाटत नाही. पण झाले तसेच. एका स्थानिक वाटाड्याबरोबर, भर पावसात, कठीण झालेल्या लाव्हारसावरून दिवसभर घोडा हाकत ती किलाउएआच्या काठाशी पोचली. विवरात उतरून, जोड्यांचे तळवे भाजतील अशा खडकांवरून चालत जाऊन तिने उकळत्या लाव्हाचे तळे पाहिले. पुढच्या महिन्यांत तिने दुथडी भरलेल्या नद्या घोड्यावरून पार केल्या. एकदा तर प्रवाहात वाहून जाता जाता ती वाचली. रात्री गवती झोपड्यांत काढल्या. निघण्यापूर्वी, जून महिन्यात, ४,१६९ मीटर उंचीच्या मौना लोआ पर्वतावर चढून विवराच्या अगदी कडेला तंबू ठोकून ती राहिली. खाली आग, वर गोठवणारी थंडी. ज्या बाईला एडिंबरात मान धरवत नव्हती, तिला इथे उशीला खोगीर पुरत होते.

हे सगळे ती हेन्रिएटाला पत्रांतून कळवत होती. या पत्रांतच तिची खरी ओळख आहे. एरवीचे तिचे लेखन नीतीचे, उपदेशाचे. पत्रांत मात्र वाक्ये चौखूर उधळतात. कशाचा वास कसा, चिखलाचा रंग कोणता, कोणी काय खाऊ घातले, घोडा कुठे अडला, हे सारे तीत येते. आपण किती आनंदात आहोत हे लिहिताना तिला थोडे अपराधीही वाटे. घरी बसलेल्या बहिणीला आपला आनंद सांगायचा, आणि तो तिच्याजवळ नसल्यामुळेच झाला आहे हे मात्र सांगायचे नाही, अशी ती कसरत होती.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ती अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात गेली. तिथे तिने शेकडो मैल घोड्यावरून, बहुतेक एकटीने, प्रवास केला. कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क या खोऱ्यात लाकडी खोपटात राहून तिने गुराख्यांबरोबर रानात सुटलेली गुरे वळवली. जिम न्यूजंट हा तिथला फासेपारधी तिला लाँग्ज शिखरावर घेऊन गेला. अस्वलाच्या झटापटीत त्याचा एक डोळा गेला होता. दारूच्या नशेत तो माणसांत राहत नसे, पण शुद्धीवर असला म्हणजे त्याच्याइतका सुसंस्कृत सोबती नाही, असा तिचा अनुभव होता. दोघांचे मन एकमेकांवर जडले. मात्र अशा पुरुषाशी संसार मांडता येणार नाही, हे तिने ओळखले आणि डिसेंबरात निरोप घेतला. पुढच्याच वर्षी कोणाच्या तरी गोळीने तो मेला. मन जडले म्हणून वाहवत न जाण्याइतकी मांड आता तिची पक्की झाली होती.

याच प्रवासातली एक छोटी हकिकत फार बोलकी आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावाजवळ आल्यावर ती घोड्यावरून उतरली, लांब घागरा चढवला आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून गावात शिरली. खरे तर ते चार घरांचे नवे गाव. तिथे कोणाची भीड बाळगावी असे काही नव्हते, हे तिने स्वतःच गमतीने नोंदवले आहे. तरी ती उतरली. वीस वर्षे अंगवळणी पडलेला संकोच एका वर्षात जात नाही. १८७९ मध्ये हा प्रवासवृत्तान्त पुस्तकरूपाने आला, तेव्हा लंडनच्या 'टाइम्स'ने ती पुरुषी वेशात हिंडल्याचे छापले. तेव्हा ती भयंकर संतापली, आणि आपला वेश कसा संपूर्णपणे स्त्रीला शोभेसा होता याचा खुलासा तिने पुढील आवृत्तीत चित्रासह दिला. नवी बैठक तिने सोडली नाही. पण जुन्या जगाचे शिफारसपत्रही तिला हवेच होते.

घरी परतल्यावर पाठीचे दुखणे परत आले. हा क्रम आयुष्यभर चालू राहिला. घरी आजारी, वाटेवर ठणठणीत. १८७८ मध्ये ती जपानला गेली आणि उत्तरेकडील ऐनू लोकांच्या वस्त्यांत राहिली. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तिच्या नजरेलाही तिच्या काळाची झापडे होती. परक्या लोकांच्या रूपाविषयी, धर्माविषयी तिने केलेली काही विधाने आज वाचवत नाहीत. बलाढ्य साम्राज्याची प्रजा असल्यामुळे तिच्यासाठी अनेक दारे उघडत होती, हेही खरे. तिला वाट दाखवणारे, तिच्यासाठी शिधा शिजवणारे, पूर आलेल्या नदीत तिचा घोडा ओढणारे हात त्याच लोकांचे होते.

१८८० मध्ये हेन्रिएटा विषमज्वराने गेली. जिच्यासाठी पत्रे लिहायची तीच उरली नाही. पुढच्या वर्षी इझाबेलाने डॉ. जॉन बिशप यांच्याशी विवाह केला. ते हेन्रिएटावर उपचार करणारे डॉक्टर. वधूने काळी वस्त्रे नेसली होती. बिशप भले गृहस्थ होते. बायकोच्या मनात आपल्याला एकच प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे मध्य आशियाचे पठार, असे ते विनोदाने म्हणत. पाच वर्षांतच तेही वारले.

पन्नाशी उलटलेल्या, एकट्या उरलेल्या या बाईने यानंतर काय केले? ती शिकायला बसली. लंडनमधील रुग्णालयात तिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १८८९ मध्ये हिंदुस्थान गाठला. श्रीनगरमध्ये पतीच्या, तर पंजाबात अमृतसरला बहिणीच्या नावे तिने स्त्रियांसाठी रुग्णालये उभारण्यास पैसा दिला. मग घोड्यावरून लडाख, पुढे इराण. साठीला आल्यावर ती छायाचित्रण शिकली. चीनमधील यांगत्से नदीवर होडीतून हिंडताना ती रात्री काचा धुवून छायाचित्रे तयार करी. धुण्याला पाणी नदीचेच.

१८९२ मध्ये लंडनच्या 'रॉयल जिओग्राफिकल सोसायटी'ने स्त्रियांना प्रथमच सदस्यत्व दिले, त्या पहिल्या तुकडीत तिचे नाव होते. काही सभासदांनी त्यावर गदारोळ केला. बायकांना कसले भूगोलशास्त्र कळते, असा त्यांचा सूर. १८९३ मध्ये दार पुन्हा बंद झाले, ते १९१३ पर्यंत उघडले नाही. आत आलेल्या बावीस जणी मात्र आतच राहिल्या.

१९०१ मध्ये ती मोरोक्कोला गेली. सत्तरी गाठायला काही महिनेच उरले होते. तिथे तिला बसायला काळ्या रंगाचा एक घोडा मिळाला. तो इतका उंच होता, की त्याच्यावर चढण्यासाठी या ठेंगण्या बाईला शिडी लागे. शिडी आणवून ती चढे आणि मांड टाकून ॲटलस पर्वताच्या रोखाने निघे. त्या वाटांवर ती सुमारे हजार मैल फिरली. ऑक्टोबर १९०४ मध्ये एडिंबरा येथे तिचे निधन झाले. चीनला जाण्यासाठी बांधून ठेवलेल्या तिच्या पेट्या तेव्हा लंडनमध्ये तयार होत्या.