टपालवाला कीं संपादक?

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत माझें कामानिमित्त जाणें-येणें असतें. तेथल्या फौंड्रींतून निघणाऱ्या कास्टिंगवर पुष्कळदां एक बारीक आंकडा उठविलेला दिसतो. त्याला ‘हीट नंबर’ म्हणतात. दूर कोठें तो भाग तडकला, तर त्या आंकड्यावरून तो कोणत्या भट्टींतल्या कोणत्या रसाचा, हें शोधून काढतां येतें. लोखंडाच्या बाबतींत आपण इतके काटेकोर. शब्दांच्या बाबतींत मात्र तसे उरलों नाहीं.

एके काळीं शब्दांवरहि असा शिक्का असे. १८६७ च्या कायद्यानें छापील कागदावर मुद्रकाचें नांव घालणें सक्तीचें केलें. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां ‘केसरी’चे मुद्रक केशव महादेव बाळ हेहि आरोपी होते. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, बाळ सुटले. खटला जुलमी खराच. पण लिहिणारा व छापणारा यांची जबाबदारी निरनिराळी तोलावी लागते, एवढें त्यावरूनहि दिसतें.

आजच्या समाजमाध्यमांच्या कंपन्या म्हणतात, ‘आम्ही केवळ टपालवाले.’ आपल्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें, म्हणजे २००० सालच्या कायद्याचें, ७९ वें कलम त्यांना कांहीं अटींवर ही सूट देतें. पण बिचारा टपालवाला पत्रें चाळून त्यांतलें अधिक झोंबणारें वर ठेवीत नाहीं, कीं त्याला जाहिरात चिकटवीत नाहीं. फौंड्री चालविणाऱ्या एका स्नेह्याला मीं हें बोलून दाखविलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, “पॅटर्न गिऱ्हाइकाचाच असतो हो, पण आमच्या ओतकामांत पोकळी राहिली, तर पॅटर्नकडे बोट दाखवून आम्हांला सुटतां येत नाहीं.”

७ जून २०२३ रोजीं हा प्रश्न आमच्या दाराशीं आला. कांहीं तरुणांनीं मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून कोल्हापुरांत दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला आणि इंटरनेट बंद करण्यांत आलें. इंटरनेट बंद म्हणजे मालाच्या गाडीचें ई-वे बिल निघत नाहीं आणि परगांवच्या लेकीची खुशालीहि कळत नाहीं. खोडी मूठभरांची, मौन मात्र साऱ्यांना!

मग प्रत्येक शब्दासाठीं कंपनीलाच धरावें काय? मला तसें वाटत नाहीं. स्टेटस कांहीं कंपनीनें लिहिलें नव्हतें. आणि धास्तावलेली कंपनी खऱ्याखोट्याचा निवाडा करीत न बसतां सारेंच पुसून टाकील. सरकारच्या हातीं निवाडा द्यावा, तर पालघर आठवतें. २०१२ सालीं तेथें फेसबुकवरील साध्या मजकुराकरितां दोन तरुणींना अटक झाली. तें ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. त्याच निकालांत, न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर मजकूर काढणें हें कंपनीचें कर्तव्य ठरविलें.

शब्दाची ही व्यवस्था मला ठीक वाटते. उणीव आहे ती वेगाबद्दल. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाड्यास, मुलें पळविणारे समजून, जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेंचून मारलें. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास अटकाव केला. कोणाचेंहि पत्र न फोडतां हें करतां आलें! म्हणजे वेगाची कळ कंपनीच्याच हातीं होती. ती फिरली मात्र माणसें मेल्यावर.

म्हणून शब्दाबद्दल तो लिहिणाऱ्याला विचारावें. परंतु तो लाखो घरीं कोणत्या वेगानें गेला, कोणीं वर उचलला आणि धोका दिसूनहि वेळीं कां आवरला नाहीं, याचा जाब कंपनीकडून उघड्या न्यायालयांत घ्यावा. तेथें टपालवाल्याची टोपी कामास येऊं नये.