खो-खोस प्रेक्षक कसे मिळतील?

२०२५ च्या कार्तिकातील गोष्ट. २ नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेस हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या सांगलीस नुकतीच सरलेली दिवाळी पुन्हा एकदा आली. संघाची उपकर्णधार स्मृती मानधना ही सांगलीत वाढलेली. तेव्हा गावाचा आनंद इतरांहून दुप्पट होता हे सांगावयास नकोच. आमच्या एकत्र कुटुंबात लहानथोर मिळून चौदा माणसे. ती सर्व त्या रात्री दिवाणखान्यात जागी होती. आमच्या सौभाग्यवतींस क्रिकेटमधील ओ की ठो कळत नाही; परंतु शेवटचा झेल टिपला जाईपर्यंत त्याही हातातल्या वाती वळावयाचे विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या धाकट्या बंधूंनी जाहीर केले की, नातीला क्रिकेटचे सारे साहित्य आपण स्वतः घेऊन देणार. नात तेरा वर्षांची. दोन वर्षांपासून शाळेच्या संघातून खो-खो खेळते. काकाआजोबांच्या औदार्याने ती हुरळली खरी, पण थोड्या वेळाने आमच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, क्रिकेटमध्ये स्मृतीताई आहे. खो-खोमध्ये सगळ्यांत चांगली कोण खेळते? तिचे नाव सांगा ना."

आम्ही गप्प राहिलो. छत्तीस वर्षे आम्ही साताऱ्यास शिक्षकाचे काम केले. मॅट्रिकपलीकडे आमचे इंग्रजी शिक्षण गेले नाही. पाठशाळेतले संस्कृत तेवढे गाठीशी होते आणि त्यावरच पोट भरले. परंतु संध्याकाळी मैदानावर उभे राहून खो-खोचे पंच म्हणून शिट्टी वाजविण्याचे काम आम्ही हौसेने केलेले. अशा माणसाच्या तोंडी एक नाव येऊ नये! अवघ्या दहा महिन्यांपूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली होती. पुरुषांत व महिलांत, दोन्हींकडे अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारत जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्रातले. ही बातमी आम्ही वाचली होती, "छान झाले" असे म्हटले होते, आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली होती.

खो-खो हा तर आपल्या घरचा खेळ. त्याचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी आपले देशी खेळ परक्या लोकांस करून दाखविले. दोन खांब आणि मोकळे आवार एवढ्या भांडवलावर चालणारा दुसरा खेळ दाखवा. तरीही ज्या घरात विजय हजारे १९१५ मध्ये सांगलीत जन्मले हे लहान पोरही सांगेल, त्या घरात खो-खोच्या एका खेळाडूचे नाव कोणास ठाऊक नसावे, हे कसे?

क्रिकेटच्या पाठीशी पैसा आहे, हे याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. कबड्डीच्या पाठीशी काय होते? आमच्या लहानपणी तिला हुतुतू म्हणत, आणि मातीत लोळून सदरे फाडून घेणाऱ्या पोरांकडे घरंदाज मंडळी नाक मुरडून पाहात. तीच कबड्डी २०१४ च्या जुलैपासून प्रो कबड्डी लीगच्या रूपाने दूरचित्रवाणीवर आली, आणि ज्या बंधूंनी जन्मात कधी मांडी थोपटली नाही ते सोफ्यावर बसून "पकडा, पकडा!" म्हणून ओरडू लागले. आमच्या जिल्ह्यातला काशिलिंग आडके दिल्लीच्या संघातून चढाईस निघाला की स्वयंपाकघरातूनही चौकशी होई, "आपला आला का हो?"

कबड्डीने काय केले ते पाहण्याजोगे आहे. चढाईस तीस सेकंदांची मर्यादा घातली. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद, असा दंडक केला. त्यामुळे रेंगाळणे गेले. पण दम धरून "कबड्डी कबड्डी" म्हणणे, एकट्याने सात जणांच्या घरात शिरणे आणि मधल्या रेषेस हात लावण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडणे, यांतले काहीही बदलले नाही. शिवाय चढाई करणारा एकच असतो. सर्वांची दृष्टी त्याच्यावर. त्याचा चेहरा दिसतो, घाम दिसतो, भीतीही दिसते. तीस सेकंदांत माणसाची ओळख पटते.

खो-खोची अडचण नेमकी येथेच आहे. नातीच्या प्रश्नानंतर एका रविवारी आम्ही मुद्दाम विश्वचषकाचा एक जुना सामना घरातल्या सर्वांस संचावर दाखविला. पाच मिनिटे कौतुक झाले. मग बंधू म्हणाले, "दादा, वेग अफाट आहे हो, पण बघायचे कोणाकडे?" सूनबाईंनी विचारले, "मामंजी, आत्ता पळत होती ती कोण आणि बसली ती कोण?" प्रश्न रास्त होते. बाकीचे पाटीवर आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले, एकटा धावतो आहे, आणि खो मिळताच तो एकटा दुसराच कोणी होतो! ज्याने खेळ खेळला आहे त्यास यातच सौंदर्य दिसते. एकाचे अपुरे काम दुसरा पुरे करतो, श्रेय कोणा एकाचे राहात नाही. पण नवख्यास हे पाठीमागून पाहिलेल्या मिरवणुकीसारखे वाटते. बाद झाला तो कोणाच्या हुलकावणीमुळे, हे सांगणारा शेजारी बसलेला असावा लागतो. त्या रविवारी ते काम नातीने केले, आणि ती सांगू लागल्यावर पुढची वीस मिनिटे कोणी जागचे उठले नाही.

यावर उपाय म्हणून खो-खोतही लीग निघाली. २०२२ मध्ये पुण्यास बालेवाडीत सहा संघांची 'अल्टिमेट खो-खो' झाली. तीत 'वजीर' नावाचा एक गडी आणला. त्याने वाटेल त्या दिशेस धावावे. बंधूंस हा वजीर फार आवडला. आम्हांस नाही. आमच्या व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद असे दोन प्रकार असतात; अपवादाने उत्सर्गाचे तेज वाढावे, त्यास खाऊन टाकू नये. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे फिरावयाचे नाही, या एका बंधनावर खो-खो उभा आहे. ते बंधन आहे म्हणूनच खो द्यावा लागतो. बंधनातून मोकळा झालेला गडी पकडापकडी उत्तम खेळेल. पण पकडापकडी तर चिमण्या पोरीही अंगणात खेळतात.

आमचा एक पुतण्या न्यू जर्सीत असतो. दिवाळीस आला होता तेव्हा त्याने या वादात अमेरिकेची हकिकत घातली. ज्यास आपण फुटबॉल म्हणतो त्यास तिकडे सॉकर म्हणतात, आणि तेथील लोकांचा जीव आपल्या बेसबॉलवर व हातांत चेंडू घेऊन धावावयाच्या त्यांच्या फुटबॉलवर. त्या लोकांस वळविण्यासाठी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने प्रत्यक्ष पेलेस आणले. मैदाने भरली. पेले १९७७ मध्ये निवृत्त झाला, आणि १९८४ चा हंगाम संपल्यावर ती लीगच बुडाली. १९९४ चा विश्वचषक तिकडे झाल्यावर १९९६ मध्ये नवी लीग निघाली. तिने काय करावे? अमेरिकन माणसास बरोबरी खपत नाही, म्हणून पस्तीस यार्डांवरून पाच सेकंदांत गोल करण्याची वेगळीच शर्यत निकालासाठी लावली. घड्याळही त्यांच्या सवयीप्रमाणे उलटे चालविले. ज्यांच्यासाठी हे केले ते आले नाहीत, आणि जे मुळातले रसिक होते ते रुसले. १९९९ नंतर दोन्ही गोष्टी टाकून द्याव्या लागल्या. त्याच १९९९ मध्ये कोलंबस या गावी सॉकरसाठी म्हणून स्वतंत्र, बेताचे मैदान बांधले गेले, आणि पुढे गावोगावी तशी मैदाने झाली. पूर्वी परक्यांच्या प्रचंड मैदानात वीस हजार माणसेही हरवून जात. आपल्या घरात तेवढ्यांनीच गर्दी दिसू लागली. २०२३ मध्ये मेस्सी मायामीस आला तेव्हा त्यास राहावयास घर तयार होते, असे पुतण्याचे म्हणणे. पेलेस ते मिळाले नव्हते.

खो-खोसही घर हवे आणि पंचांगातली तिथी हवी. पहिली लीग ऑगस्ट २०२२ मध्ये, तर दुसरी सोळा महिन्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये कटकला! गणपती कधी येणार हे ठाऊक असते म्हणून मखराची तयारी होते. आणि उसन्या नावाने काम भागत नाही. नाव गल्लीतले हवे, ज्याच्या घरी आपण चहा प्यालेलो आहोत असे.

या ठिकाणी आम्हांस आमच्याच पेटीतले एक पाप बाहेर काढले पाहिजे. शाळेचे वार्षिक अंक बारा वर्षे आम्ही संपादिले. नातीच्या प्रश्नाने बेचैन होऊन ते खाली काढले. प्रत्येक अंकात क्रिकेट संघाचे छायाचित्र, खाली उभे कोण, बसलेले कोण, अकराही नावे, कोणी किती धावा केल्या तेही. १९८७ च्या अंकात खो-खोविषयी एकच ओळ आहे: आमच्या संघाने जिल्ह्यात अजिंक्यपद मिळविले. ओळ आम्हीच लिहिलेली. नाव एकाचेही नाही. त्या संघात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून येणारा एक मुलगा होता. पायांत वहाण नसे. अंतिम सामन्यात तो इतका वेळ नाबाद धावत राहिला की शिट्टी वाजवावयाची आम्हांसच आठवण राहिली नाही. त्याचा सावळा चेहरा, कपाळावरची खोक, सगळे आठवते. नाव आठवत नाही. त्या वर्षीच्या क्रिकेट संघातील अकरा नावे मात्र आम्ही आजही झोपेत म्हणून दाखवू.

मार्गशीर्षात आम्ही साताऱ्यास जाऊन आलो. शाळेचे जुने शिपाई अद्याप यवतेश्वराच्या वाटेवर राहतात. त्यांच्या ओटीवर बसून आम्ही दोघांनी नऊंपैकी सहा नावे जुळविली. त्या मुलास ते "पळपुट्या" म्हणत, एवढेच त्यांनाही आठवले. सहा नावे वहीत लिहून तीन जागा कोऱ्या ठेविल्या आहेत. १९८७ च्या सुमारास साताऱ्याच्या शाळांतून शिकलेल्या कोणा वाचकास ती ठाऊक असल्यास त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. वही सध्या नातीकडे असते. क्रिकेटचे साहित्य अद्याप आलेले नाही. ते वार्षिक परीक्षेनंतर पाहू, असे घरात ठरले आहे.