उजेड पाडायला निघालो होतो!

डोंबिवली, वागळे इस्टेट, घोडबंदर आणि खोणी... एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार, तिच्या जाळीत बसवलेली एलईडीची पट्टी आणि एका शनिवारची गोष्ट.

डोंबिवलीत स्पोर्ट्स कार घेणं म्हणजे सकाळच्या ८.१४ च्या लोकलमध्ये पियानो घेऊन चढण्यासारखं आहे. एखाद्या वेळी चढवालही, पण वाजवायला जागा कुठाय?

तरीही माझ्या मित्राने ती घेतलीच. ऐरोलीच्या आयटी पार्कात बारा वर्षं मान मोडून काम केल्यावर. सेकंडहँड, दोन दारांची, दोन सिटांची, चंदेरी. आईने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मागे बसायचं कुठे रे?’ वडिलांनी गाडीच्या पोटाखाली हात घालून पाहिला आणि म्हणाले, ‘ही आपल्या गल्लीत शिरणार कशी?’

प्रश्न रास्त होता. स्पीडब्रेकर नियमाप्रमाणे १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी अलगद चढते, अलगद उतरते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर मात्र ज्याच्या हातात थापी असेल त्याच्या मर्जीचे! त्यामुळे आमची स्पोर्ट्स कार डोंबिवलीत तिरकी तिरकी चालते. लग्नात नऊवारी नेसलेली नवरी पायऱ्या चढते ना, तशी.

एवढं सगळं असूनही साहेबांचं समाधान नव्हतं. ‘पुढून चेहरा नाही यार गाडीला,’ तो म्हणाला. ‘ग्रिलमध्ये एक लाइट बार टाकू. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कसली दिसेल!’

लाल दिव्यापासून पांढऱ्या पट्टीपर्यंत

गाडीच्या पुढचा दिवा ही मराठी घरातली जुनी हौस आहे. आपल्या लहानपणी मुलगा हुशार निघाला की नातेवाईक म्हणायचे, ‘हा लाल दिव्याच्या गाडीतून फिरणार!’ १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या समस्त पोरांच्या आयांची उपमाच गेली.

आमच्या पिढीच्या डोक्यात वेगळाच दिवा होता. ‘नाइट रायडर’ आठवतेय? १९८२ ते १९८६ या काळातली ती अमेरिकन मालिका. काळीभोर स्पोर्ट्स कार आणि तिच्या नाकावर इकडून तिकडे पळणारा लाल उजेड. मग २००४ मध्ये ‘टारझन : द वंडर कार’ आला आणि ती जांभळी गाडी पाहून शाळेतल्या वह्यांची शेवटची पानं गाड्यांच्या चित्रांनी भरली. पळणारा लाल उजेड तर आपल्या रिक्षावाल्यांनी केव्हाच आपलासा केला होता, काचेवर देवाच्या फोटोभोवती!

आणि आम्ही वाढलो त्या कल्याण-डोंबिवलीत लोडशेडिंग होतं. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ठाण्याच्या पुढची लोकल जसजशी आत यायची तसतसे अंधाराचे मोठमोठे तुकडे दिसायचे. मेणबत्तीत अभ्यास, गॅलरीत गप्पा आणि लाइट आले की अख्ख्या बिल्डिंगचा एकसुरात ‘आऽऽले!’ असा ओरडा. अशा पोरांना मोठेपणी दिव्याचं वेड लागणारच की.

वागळे इस्टेट, सकाळचे अकरा

शनिवारी सकाळी निघालो. मानपाडा रोडने बाहेर पडून कल्याण-शीळ रस्ता, काटई नाका, पलावाचे टॉवर, कल्याण फाट्याला उजवीकडे वळून मुंब्रा बायपास. हा बायपास माझा आवडता. एका बाजूला पारसिकचा डोंगर अंगावर येतो, दुसऱ्या बाजूला खाली मुंब्र्याची दाटी, रुळावरून सरपटणारी लोकल आणि पलीकडे खाडी. फक्त कंटेनरच्या चाकाशेजारी आपलं डोकं येतं, तेवढं सोडलं तर झकास! मग खारेगाव, साकेतचा पूल, माजिवडा, तीन हात नाका. पूर्ण प्रवासात तिसऱ्याच्या वर गिअर पडला तो जेमतेम दोनदा.

वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीचं माहेर. १९६२ मध्ये महामंडळ सुरू झालं ते इथून. आज कारखान्यांच्या शेजारी काचेची ऑफिसं उभी आहेत, पण मधल्या गल्ल्यांत अजून लेथ फिरतो, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात आणि गाड्यांची पोटं उघडी पडतात. अशाच एका गल्लीत आमचा इलेक्ट्रिशियन होता. पस्तिशीचा, कमी बोलणारा, कानावर टेस्टर खोचलेला.

काम बघायला मजा आली. पुढचा बंपर उतरवायचा म्हणजे आधी चाकाजवळचे स्क्रू, मग खालचं प्लास्टिकचं कव्हर, मग बोनेटच्या कडेचे क्लिप. एकेक क्लिप सुटताना ‘कट्ट’ असा आवाज आणि दर आवाजाला मित्राचा चेहरा कसनुसा! जाळी बाहेर आली तेव्हा मागे रेडिएटर दिसला, त्यावर चिकटलेल्या किड्यांसकट.

‘इथून हवा आत जाते,’ इलेक्ट्रिशियन म्हणाला. ‘पट्टी जाड घेतली की इंजिन तापणार. आणि हे बघा, बंपरच्या मागे सेन्सर असतात. त्यांच्यासमोर काही यायला नको.’ त्याने बारीक पट्टी निवडली. १२ व्होल्ट, ३६ वॅट, म्हणजे ३ अँपिअर करंट. बॅटरीपासून वेगळी वायर, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज, रिले, आत डॅशबोर्डखाली स्विच. ‘मूळ वायर कापून टेप गुंडाळणारे बरेच आहेत,’ तो म्हणाला. ‘पावसात पाणी शिरतं, शॉर्ट होतं, मग गाडी पेटली की म्हणतात कंपनी खराब.’

तीन तास, चार कटिंग चहा आणि साडेआठ हजार रुपये. स्विच दाबला आणि गल्लीतली पोरं धावत आली. खरंच, गाडीला चेहरा आला होता!

निघताना त्याने एक वाक्य टाकलं. ‘शोसाठी आहे हां. रस्त्यावर लावू नका.’ सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा ऐकतो तसं आम्ही ते ऐकलं.

घोडबंदरला हिट!

संध्याकाळी घोडबंदर रोड. कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली. डोक्यावर मेट्रोचं बांधकाम, दोन्ही बाजूंना टॉवर, मागे येऊरचा डोंगर अंधारात बुडालेला. सिग्नलला उभे राहिलो की शेजारच्या रिक्षातून, बसमधून मोबाइल बाहेर येत होते. एका बाइकवाल्याने अंगठा दाखवला. एका कारमधल्या चिमुरडीने हात हलवला. ठाण्यात एवढं भाव खायला मिळणं म्हणजे मामलेदार मिसळीच्या दुकानात पहिल्या फटक्यात टेबल मिळण्यासारखं!

गायमुखपर्यंत गेलो. खाडीवरून वारा येत होता. तिथे उभं राहून आम्ही गाडीचे चाळीस फोटो काढले. एकातही खाडी नव्हती.

खरं सांगायचं तर हे वेड आमचं एकट्याचं नाही. ऑडीने २००८ मध्ये आर-८ या स्पोर्ट्स कारला संपूर्ण एलईडी हेडलाइट दिले आणि त्यानंतर गाडीचा दिवा हा दागिना झाला. आता तर आपल्याकडच्या साध्या गाड्यांनाही कंपनीतूनच या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाची रेघ येते. २०२३ ची नेक्सॉन ईव्ही बघा, २०२४ ची क्रेटा बघा. ‘मग आपण लावली तर काय बिघडलं?’ हा मित्राचा मुद्दा. मला त्या वेळी पटलाही होता.

खोणीचा अंधार

परतताना साडेदहा वाजले. काटई नाक्यावर डोंबिवलीकडे वळायचं, तर हा म्हणाला, ‘आता खऱ्या अंधारात बघू!’ आणि गाडी बदलापूरच्या रस्त्याला लागली. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या सोबतीने जाणारा हा रस्ता. खोणीच्या पुढे एका पट्ट्यात त्या रात्री रस्त्यावरचे दिवे बंद होते.

स्विच दाबला. समोर दिवस उजाडला! झाडांची पानं न् पानं, कडेचे दगड, दूरचा मैलाचा दगडसुद्धा. आम्ही दोघंही ‘वॉव’ म्हणालो.

मग समोरून एक दिवा आला. स्कूटरचा. तो जवळ आला, थरथरला, डावीकडे सरकला आणि रस्त्यावरून नाहीसा झाला.

मित्राने करकचून ब्रेक दाबला. आम्ही धावत गेलो. स्कूटर कडेच्या मातीत आडवी पडली होती. पुढच्या चार फुटांवर खड्डा होता. पन्नाशीचे एक काका उठून बसले होते. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत. कोपर खरचटलं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. डब्याची पिशवी लांब जाऊन पडली होती. सेकंड शिफ्ट करून घरी निघाले होते.

आम्ही शिव्यांची वाट बघत होतो. काकांनी शिव्या दिल्याच नाहीत. डोळे चोळत म्हणाले, ‘काहीच दिसलं नाही हो. एकदम पांढरं झालं सगळं. मला वाटलं ट्रक आला.’

त्यांना पाणी दिलं, स्कूटर उभी केली. जवळच्या दवाखान्यात चला म्हणालो, तर नको म्हणाले, घरी वाट बघत असतील. मित्राने आपला नंबर दिला, आणि पट्टी बंद करून आम्ही त्यांच्या मागे मागे त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. परतताना गाडीत कोणी बोललं नाही. रेडिओही लावला नाही.

दीड मीटरवरचे डोळे

रविवारी मी जरा वाचलं. ताशी ४० किलोमीटरने जाणारी स्कूटर एका सेकंदात ११ मीटर जाते. डोळे तीन सेकंद दिपले, तर ३३ मीटर माणूस आंधळा चालतो. वय वाढतं तसा डोळ्यांना सावरायला जास्तच वेळ लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यात पुढच्या दिव्याबद्दल एक माप दिलंय. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडाने दिपवता कामा नये. नाहीतर तो उजेड ड्रायव्हरला खाली वळवता तरी आला पाहिजे. दीड मीटर उंची म्हणजे काय, माहितीये? साधारण स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोळे. नियम लिहिणाऱ्याला आमचे खोणीचे काका तेव्हाच दिसले होते!

कंपनीच्या आणि आमच्या पट्टीतला फरकही इथेच आहे. कंपनीची रेघ फक्त ‘मी येतोय’ एवढं सांगते, तिचा उजेड मोजून मंद ठेवलेला असतो. आमची पट्टी म्हणजे भिंगाविना, झाकणाविना, समोरच्याच्या थेट डोळ्यांत घुसणारा झोत. आमच्या हेडलाइटला डिपर होता, पट्टीला नव्हता.

कायदाही स्पष्ट आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल केलेली गाडी नोंदणीला चालणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नंबर प्लेट ठाण्याची एमएच-०४ असो की कल्याणची एमएच-०५, सगळ्यांना सारखंच.

आणि शेवटी...

पुढच्या शनिवारी पुन्हा वागळे इस्टेट. इलेक्ट्रिशियनने बंपर उतरवला, ‘कट्ट कट्ट’ झालं, पट्टी बाहेर आली. त्याने का म्हणून विचारलं नाही. आम्हीच सांगितलं. त्याने मान हलवली आणि काढायचे पैसे घेतले नाहीत. ‘माझंही चुकलंच,’ म्हणाला. ‘रस्त्यावर लावणार हे मला माहीत होतं.’

मित्राने काकांना फोन केला. स्कूटरचा आरसा आणि इंडिकेटर बदलून दिला. काका म्हणाले, ‘तुमची गाडी मात्र भारी आहे हां. बघायची राहिली.’ एका रविवारी हा त्यांना त्याच गाडीतून खोणीपासून शीळपर्यंत फिरवून आला. दिवसाउजेडी!

पट्टीचं काय झालं? डोंबिवलीकर काही टाकून देत नाही. दिवाळीत तिच्या घरच्या गॅलरीत १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ती लागली, आकाशकंदिलाच्या आत, दुहेरी पिवळ्या कागदाआड. उजेड मऊ, मधासारखा. फडके रोडवरच्या पहाटेच्या गर्दीत मिरवून आम्ही घरी आलो, तेव्हा लांबूनच ओळखू आली. काकू कौतुकाने म्हणाल्या, ‘आता खरा उजेड पाडलास!’

गाडीला दिवे लावताय? थांबा जरा

- समोर लाल दिवा नको. नियमाने लाल फक्त मागे. निळे-लाल चमकणारे दिवे ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलिस यांच्यासाठी.
- स्पॉटलाइट आणि सर्चलाइट पुढे लावायला आरटीओची परवानगी लागते, तीही अपवादानेच मिळते.
- हेडलाइट कमी वाटतो? आधी काच पॉलिश करा, दिव्याचा कोन तपासून घ्या. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.
- मूळ वायर कापू देऊ नका. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते.
- समोरून गाडी आली की डिपर. फुकट आहे, आणि कोणीतरी घरी पोहोचतं.