गाणी भरून मिळतील

आष्टी म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, ‘बीडची का?’ नाही हो. बीडची वेगळी. वर्ध्याची वेगळी, तिथे १९४२ मध्ये माणसं हुतात्मा झाली. सोलापूरचीही वेगळी, तिथे १८१८ मध्ये बापू गोखले पडले. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इतिहासाच्या पुस्तकात मी तरी तिचं नाव कधी वाचलं नाही.

आता अशा गावाचा आणि हिप-हॉपचा काय संबंध, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातही पडतो. टीममधली सगळी मंडळी चोवीस-पंचवीसची. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी स्पीकरवर एमसी स्टॅन लावतं. मग मी सहज म्हणून जातो, की मी नववीत असताना डॉक्टर ड्रे ऐकायचो. आष्टीत. त्यावर सगळे असे बघतात, जसं काही मी नांगराला जीपीएस लावून हिंडायचो!

तर मंडळी, मी चाळिशीला टेकलोय आणि माझ्या नॉस्टॅल्जियात ‘पुरानी जीन्स’ नाही, एमिनेम आहे. त्याला माझा इलाज नाही.

हे सगळं आमच्या गावात आणलं दादाने. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डिप्लोमा करत होता. सुट्टीला यायचा तो रेल्वेने परतूरला आणि तिथून काळीपिवळीत कोंबून घेऊन आष्टीला. बॅगेत धुवायचे कपडे, वर्कशॉपचा एप्रन आणि चार-पाच कॅसेटी. होस्टेलवर कुणाच्या तरी टेपवरून भरलेल्या. कव्हरवर बॉलपेनने ‘इंग्लिश रॅप १’, ‘इंग्लिश रॅप २’. कोण गातंय, कुठला अल्बम, काही पत्ता नाही. पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं, की ‘इंग्लिश रॅप १’ची पहिली बाजू म्हणजे ड्रेचा १९९९ चा ‘२००१’ हा अल्बम आणि दुसरी बाजू म्हणजे एमिनेमचा २००० सालचा ‘द मार्शल मॅदर्स एलपी’. निवड करणारा जो कोणी होता, त्याच्या कानाला सलाम!

ऐकण्याची व्यवस्था अशी, की लाइट असली तर असली. नसायचीच बहुतेक वेळा. मग टेपमध्ये सहा मोठे सेल. ते उतरले की उन्हात वाळत घालायचे, म्हणजे अजून दोन गाणी निघायची. सेल उतरायला लागले की एमिनेम एकदम कीर्तनकारासारखा संथ बोलायला लागायचा. आणि गंमत म्हणजे तेव्हाच त्याचे शब्द थोडेफार कळायचे! आम्ही ते वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचो. अर्धे शब्द चुकीचे, पण यमक मात्र कधी चुकलं नाही. अर्थाच्या आधी आमच्यापर्यंत यमक पोहोचलं.

आणि यमक आम्हाला काही नवीन नव्हतं. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ, रामदासांचं जन्मगाव. शाळेत मनाचे श्लोक पाठ. तो भुजंगप्रयात टेबलावर बोटं वाजवून म्हणून बघा, बीटवर बसतो की नाही! गोदावरीच्या काठाने वर गेलं की पैठण, नाथांचं. नाथ भारुडात कधी जोशी होतात, कधी गोंधळी, कधी अंगात आलेली बाई. दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं आणि खरं तेच बोलायचं. एमिनेमचा ‘स्लिम शेडी’ तरी दुसरं काय आहे? कलगी-तुऱ्यात तर दोन फड समोरासमोर उभे, एक शक्तीच्या बाजूने, एक शिवाच्या, आणि रात्रभर सवाल-जवाब. दादा म्हणायचा, ‘हे लोक आपल्यासारखंच भांडायलेत, फक्त चाल वेगळी.’

पण एक गोष्ट मात्र आम्हाला नवीन होती, आणि तिनेच आम्हाला पकडलं.

हे लोक सारखा पत्ता सांगायचे. आमचा मोहल्ला हा, आमचा रस्ता हा, आमच्या कोपऱ्यावर हे दुकान. हिप-हॉपची जन्मकथासुद्धा पत्त्यासकट सांगतात: ११ ऑगस्ट १९७३, न्यू यॉर्कचं ब्राँक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. एका मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. भाऊ डीजे. तो म्हणजे कूल हर्क. गाण्यात जिथे नुसता ताल वाजतो आणि लोक सगळ्यात जास्त नाचतात, तो तुकडा त्याने लांबवायला घेतला. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर. सगळ्या जगात पसरलेल्या या संगीताच्या मुळाशी शाळेच्या कपड्यांचा खर्च आहे! २००२ मध्ये आलेल्या ‘एट माइल’ चित्रपटाचं नावच मुळी डेट्रॉइटच्या एका रस्त्याचं. शहर आणि उपनगर यांच्या मधला रस्ता. त्यातल्या ‘लूज युअरसेल्फ’ला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं, रॅपला मिळालेलं पहिलं.

आणि आम्ही? आम्ही अशा गावचे, की ज्याचं नाव सांगितल्यावर ‘ती नव्हे, दुसरी’ असं पुढे जोडावं लागतं. कुणीतरी आपल्या फाटक्या गल्लीचं नाव छाती काढून घेतं आणि जग ते पाठ करतं, हे आम्ही पहिल्यांदा त्या टेपवर ऐकलं. पुण्यात आल्यावर माझ्या ‘काहून’ला मेसमध्ये लोक हसायचे. मी ‘काहून’ सोडला नाही. त्याचं थोडं श्रेय त्या कॅसेटींना आहे.

घरच्यांचं काय, तर वडिलांच्या मते हे ‘शिव्या देणं’ होतं. (ते फार चुकीचं बोलत नव्हते.) आई मात्र एकदा फसली. २००३ ची गोष्ट. कॅसेटी जाऊन एमपीथ्री सीडी आलेल्या, एका सीडीत शंभर-दीडशे गाणी. त्यातलं एक लागलं आणि आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर. ‘अरे, ही तर लता!’ आम्ही म्हटलं, आई, हे अमेरिकन आहे. तर म्हणाली, ‘मला शिकवू नको.’ आणि बाई बरोबर होती. ट्रुथ हर्ट्सचं ‘अॅडिक्टिव्ह’, २००२ चं. त्यात लताबाईंचं ‘थोडा रेशम लगता है’ जसंच्या तसं घातलेलं, १९८१ च्या ‘ज्योती’मधलं. संगीतकार बप्पी लाहिरींचं कुठे नावच नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००३ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यायाधीशाने सांगितलं, की बप्पीदांचं नाव घातल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. लॉस एंजेलिसच्या कोर्टात जे ठरलं, ते आमच्या आईने पोळ्या लाटता लाटता ओळखलं होतं! त्या दिवसापासून घरात टेपचा आवाज वाढवायला परवानगी मिळाली.

धाकट्या बहिणीचं म्हणणं मात्र वेगळं होतं. घरात इंग्रजी सगळ्यात चांगलं तिचं. तिने एकदा डिक्शनरी घेऊन आमच्या वहीतल्या एका गाण्याचा अर्थ लावायला घेतला. चौथ्या ओळीला तिने वही मिटली. ‘यात बाईला काय काय म्हटलंय, ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवू का?’ दादा उठून गोठ्यात गेला, त्याला अचानक म्हशीची आठवण झाली. जुन्या गाण्यांचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. ती गाणी माझ्यासाठी दार होती, पण तिच्यासाठी त्या दारावर पाटी होती. तिला तिचं दार नंतर सापडलं, कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर. लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम, ज्याला पुढच्या वर्षी ग्रॅमीत ‘अल्बम ऑफ द इयर’ मिळालं. हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. आणि क्वीन लतीफाचं ‘युनिटी’, १९९३ चं, ज्यात ती त्याच शिव्यांबद्दल पुरुषांना जाब विचारते. आज बहीण नाशिकला शिकवते आणि वर्गात माही जीचं मराठी रॅप लावते. जंगल आणि आदिवासी यांच्याबद्दल बोलणारी पोरगी आहे ती. ‘हे मला मोठ्याने लावता येतं,’ बहीण म्हणते. बास. याच्यावर काय बोलणार?

पुढे सीडी गेल्या आणि मोबाइल आले. परतूरला स्टँडजवळच्या दुकानांवर पाट्या लागल्या, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. किती छान वाक्य आहे ना? टाकीत पेट्रोल भरावं, पिंपात पाणी भरावं, तशी गाणी भरायची. दुकानातल्या पोराला मी टुपॅकचं नाव सांगितलं, त्याने दोन मिनिटं शोधलं आणि म्हणाला, ‘ते नाही, पण दादा कोंडके आहेत.’ भरून घेतले.

पाण्याचं म्हणाल, तर ते भरून मिळेना असं वर्ष आलं. २०१२-१३. जालन्याचा तो दुष्काळ तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिला असेल, टँकरच्या रांगा वगैरे. आमच्या जिल्ह्याची मोसंबी नावाजलेली. पुढे तिला जीआय मानांकनही मिळालं, पण त्या वर्षी बागाच्या बागा वाळल्या. दादा तोपर्यंत वाळूजची नोकरी सोडून शेतीवर परतलेला, कारण चुलते गेले होते. त्यांनी लावलेली बाग दादाने टँकरवर जगवायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच्या हाताने तोडली.

त्या उन्हाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. मी शिफ्टवर. म्हणाला, ‘वेळ हाय का? एक आयक.’ आणि त्याने म्हणायला सुरुवात केली. मागे काही ताल नाही, फक्त कुठेतरी मोटारसायकल गेल्याचा आवाज. बोअर किती फूट नेला, पाणी किती फुटांवर गेलं, टँकरची फेरी केवढ्याला, सोसायटीचं कर्ज किती, झाडं किती, कुऱ्हाडीचे दिवस किती. सगळे आकडे, आणि सगळे आकडे यमकात. रडगाणं नव्हतं ते. हिशेब होता. तीन-चार मिनिटं तो बोलला आणि थांबला. मी काय बोलावं मला सुचेना. तोच म्हणाला, ‘बीटवर बसतंय का रं?’

बसत होतं, दादा.

त्याने ते कधी रेकॉर्ड केलं नाही. कुठे करणार? आष्टीत बसून मराठवाडी बोलीत रॅप करणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हा कोण ऐकणार होतं? त्याच वर्षी, २०१३ मध्ये, मुंबईत डिवाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ आलं. पाठोपाठ नेझीचं ‘आफत’, २०१५ मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत ‘गली बॉय’. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ने प्रकाश भोईर यांना घेऊन आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. एमसी स्टॅन पुण्याच्या ताडीवाला रोडचं नाव घेत घेत २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. आज अमरावतीची पोरं वऱ्हाडीत रॅप करतात आणि लाखो लोक ऐकतात. माझ्या टीमला हे सगळं नॉर्मल वाटतं. मला अजूनही दर वेळी दादाचा तो फोन आठवतो.

म्हणून ‘आमच्या वेळचं हिप-हॉपच भारी’ वगैरे वादात मी पडत नाही. आमच्या वेळी आम्ही ते फक्त ऐकू शकत होतो. आता ते करता येतं, हे जास्त भारी आहे. मला आठवण येते ती गाण्यांची कमी आणि उन्हात वाळत घातलेल्या सेलची जास्त. एक कॅसेट सहा महिने पुरवायची म्हणजे ती किती वेळा ऐकावी लागते, हे एका बोटाने गाणं बदलणाऱ्याला सांगून कळणार नाही. सांगायचा आग्रहही नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा दादाचा मुलगा गच्चीवर मोबाइलसमोर काहीतरी पुटपुटत होता. नववीत आहे. कानात हेडफोन, मोबाइलवर फुकटात मिळालेला बीट. पहिल्याच ओळीत त्याने ‘आष्टी’ म्हटलं. पुढे जिल्हा नाही, तालुका नाही, काही नाही. मी विचारलं, ‘लोकांना बीडची वाटली तर?’ तर म्हणतो, ‘वाटू द्या की काका. शोधतील.’

मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, ‘पप्पांकडं एक वही होती म्हणे?’

वही आहे. कपाटात, खतांच्या पावत्यांखाली. दादा देत नाही म्हणतो, अक्षर वाईट आहे म्हणतो. मी त्याला सांगितलंय की फोनवर मला पुन्हा एकदा म्हणून दाखव, मी उतरवून घेतो. दोन रविवार झाले, अजून पाणी द्यायचं काम निघतंय त्याला. या रविवारी पुन्हा लावतो फोन.