दाद

‘दाद’ हा शब्द मला प्रथम भेटला तो मराठीच्या तासाला, एका मैफलीच्या वर्णनात. गेल्या वर्षी एका रुग्णालयाच्या बाकावर तो पुन्हा कानी पडला, पण निराळ्याच अर्थाने. माझ्या आप्पांचे कागद चाळून डॉक्टर म्हणाले, “रोग आता औषधाला दाद देत नाही.”

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली आमची होडी तेच चालवीत. १९५६ साली इथे ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली, त्याच वर्षीचा त्यांचा जन्म. खाडीची भरती-ओहोटी त्यांना बोटांच्या पेरांवर पाठ होती आणि तळहातावर चुना-तंबाखू मळण्याची लकबही तितकीच सराईत. नाक्यावरून पुडी आणून देण्याचं काम माझं. उरलेले सुटे पैसे मला मिळत. आज हे लिहिताना ते पैसे राहून राहून आठवतात.

गालाच्या आत आलेलं चिघळणं त्यांनी कितीतरी महिने कुणाला दाखवलंच नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. वर्षभराने रोग परतला, तेव्हा सिस्प्लॅटिन नावाचं औषध शिरेतून दिलं. पहिल्या दोन खेपांना गाठ ओसरली. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते! तिसऱ्या खेपेनंतर ती पुन्हा वाढू लागली. आप्पांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला, “जालं तंच हाय, म्हावराच शाना झाला.”

मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी. मासळी शहाणी होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला उमगेना. शेवटी आप्पांच्या मुलीने, जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या आमच्या ताईने, मला कळेल अशा भाषेत सांगितलं. “पेशीतला डीएनए म्हणजे एक पोथी समज. डोळ्याच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत पोथी एकच. पण ही काही पानं वाचते, ती दुसरीच वाचते. नको असलेली पानं चिकटवून ठेवलेली असतात.” चिकटवण्याचं हे काम मिथाइल नावाच्या चिमुकल्या रासायनिक खुणा करतात, ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो, त्यांची पकड घट्ट झाली तरी पान मिटतं. अक्षर एकही बदलत नाही, वाचन बदलतं. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने १९४२ साली योजलेला ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द आज या अभ्यासाला वापरतात.

सिस्प्लॅटिन डीएनएवर घाव घालतं. घायाळ पेशीने मरावं, ही आज्ञाही पोथीतच असते. काही कर्करोगपेशींत नेमकी तीच पानं चिकटलेली असतात. घाव बसतो, पण आज्ञा वाचली जात नाही. काही पेशी औषधाचे दिवस निपचित पडून काढतात. अखेर उरतात त्या अशाच, आणि पुढची गाठ त्यांचीच बनते. औषध न चालण्याची कारणं आणखीही आहेत. त्यांतलं हे एक.

“मग पानं सोडवता येणार नाहीत?” मी विचारलं. येतात! तशी औषधं आहेत. अमेरिकेत ॲझासायटिडीनला २००४ साली आणि डेसिटाबीनला २००६ साली मान्यता मिळाली, पण ती अस्थिमज्जेच्या विकारासाठी. प्रयोगशाळेत अशी औषधं दिल्यावर तोंडाच्या कर्करोगाच्या हट्टी पेशी पुन्हा सिस्प्लॅटिनला दाद देऊ लागल्याचं दिसलं आहे. मात्र काचेच्या बशीतली पेशी म्हणजे आप्पा नव्हेत. हवं तेवढंच पान सोडवावं आणि बाकीची मिटलेलीच राहावीत, हे या औषधांना अजून साधत नाही. “बाबांच्या वेळेला हे यायचं नाही रे,” असं म्हणून ताईने वही मिटली.

आप्पांना मग साध्या गोळ्या सुरू झाल्या, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे, म्हणजे आमच्या डोंगरापलीकडच्या केंद्राच्याच विभागाकडे आहे. तिथल्या डॉक्टरांनी बरा न होणारा रोग असलेल्या ४२२ रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ६.१ महिने होतं, तर या स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांचं ७.५ महिने. फरक जेमतेम दीड महिन्याचा. वाचून मी खिन्न झालो. एवढासा!

पण आप्पा नारळी पौर्णिमा पाहून गेले. गोळ्यांमुळे की कशामुळे, कोण सांगणार? बोलणं बंद झालं होतं. होडीच्या काठावर हात ठेवून त्यांनी दर्याला नारळ वाहिला. दीड महिना म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळलं.

चिकटलेली पानं सोडवणारे कुणीतरी कुठल्यातरी प्रयोगशाळेत बसले आहेत. त्यांना यश येवो. माझ्या हाती ते काम नाही. माझ्या हाती एकेकाळी पुडी होती, एवढं खरं.

आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मित्र बसतो. त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. एकदा हसताना मला दिसला. एवढ्यातच दाखवलं तर बहुधा साध्या उपायांवर भागेल. दाखव म्हणून मी त्याला तीनदा सांगितलं. तो दाद देत नाही.

उद्या चौथ्यांदा सांगणार आहे.